लाल ठिपक्याचं ताट

दादा, कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर दहाव्याला नेहमीसारखीच गर्दी होती. आमच्या आधी आलेली माणसं अजून ताटकळत उभी होती. कुणी हात जोडून "पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका" म्हणत होतं, कुणी "तुमची गाय विकणार नाही" म्हणत होतं, आणि कावळे आपले कठड्यावर बसून मजा बघत होते. तुझ्या मुलानं तुझा पिंड ठेवला, गुरुजी दोन पावलं मागे सरले, आणि एक कावळा सरळ खाली उतरून भाताला चोच मारून गेला. आपल्या सगळ्या माणसांचे चेहरे उजळले. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "सुटला गं माझा भाचा," ती म्हणाली, "मन साफ व्हतं त्याचं. कायबी मागं ठेवलं नाय."

मला त्या कावळ्याचा इतका राग आला म्हणून सांगू! ज्याचं इतकं राहिलंय, त्याच्या पिंडापाशी कावळ्यानं निदान तासभर तरी खोळंबायला नको होतं का? मी ठरवूनच आले होते. पिंड अडला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तरी मी हात जोडणार नव्हते. तुला माझी माफी हवी असणार हे मला ठाऊक होतं आणि ती मी तुला देणार नव्हते. पण तू तिथेही सुटलास. जिवंतपणी कुणी जाब विचारला की बागेत पाणी सोडायचं निमित्त काढून निघून जायचास, तसाच.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. गावाच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो आजाराच्या आधीचा आहे, फेटा बांधलेला. खाली लिहिलंय, प्रगतशील द्राक्ष बागायतदार, निर्व्यसनी व्यक्तिमत्त्व. खोटं काहीच नाही. तू सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाहीस. अख्खी दिंडोरी वाईनवर पोसली जाते, पण तू वाईनचा वासही घेतला नाहीस. तेच तर तुझ्या डोक्यात बसलं होतं. इतक्या स्वच्छ माणसाच्या अंगात घाण आली, तर ती दुसऱ्या कुणीतरी आणलेली असणार.

ती गाठ आधी वहिनीला दिसली. तू दाढी करून अंगणात आलास आणि कानाखाली, मानेच्या बाजूला, तिला फुगवटा दिसला. दुखत नव्हता, म्हणून तुझ्या लेखी तो नव्हताच. काढणी चालू होती, माल बाहेरदेशी जायचा होता. त्या द्राक्षांचा नमुना तपासणीला पाठवायला तू एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस. स्वतःच्या मानेला मात्र "हंगाम संपू दे" म्हणालास. आत्यानं गाठ चाचपली आणि सांगितलं, "अवधाण हे. कुठंतरी जखम असंल, तिच्यापायी इथं गाठ धरली. जखम बघा आधी." जुन्या माणसांचं खरंच असतं बघ. पायाला काटा रुतला की जांघेत गाठ येते, गाठ एकीकडे आणि दुखणं भलतीकडे. फक्त तुझ्या अंगावर जखम कुठेच दिसत नव्हती.

शेवटी वहिनीनं तुला जवळपास ओढतच नाशिकला आणलं. सुई घालून नमुना काढला. डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "हा कॅन्सर आहे. पण तो गाठीतला नाही, दुसरीकडून गाठीत आलाय. घसा, जिभेचं मूळ, टॉन्सिल, यांपैकी कुठून तरी. शोधू." मग तुझा घसा दुर्बिणीतून बघून झाला. सगळ्या अंगाचं स्कॅनिंग झालं. टॉन्सिल काढून तपासली. कुठेही काही सापडलं नाही. मॅडमनी सांगितलं की असं होतं कधी कधी. सुरुवातीची जागा इतकी बारीक असते, घशाच्या एखाद्या घडीत दडलेली असते, की ती शेवटपर्यंत हाती लागत नाही.

मग तो व्हायरसचा रिपोर्ट आला. त्या दिवशी खोलीत तू, वहिनी आणि मी होतो. मी शाळेतून अर्धी सुट्टी टाकून आले होते. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. गाठीत एक व्हायरस सापडलाय. तो सर्रास असतो. नवरा-बायकोच्या, स्त्री-पुरुषाच्या जवळिकीतून येतो. जवळजवळ प्रत्येक माणसाला आयुष्यात कधी ना कधी भेटतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. एखाद्याच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग डोकं वर काढतो. "कुणाकडून कुणाला आला, केव्हा आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही. ताटवाटीतून, कपड्यांतून तो पसरत नाही. घरी नीट राहा. आणि चांगली गोष्ट अशी, की हा व्हायरसवाला प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. मूळ सापडलं नाही तरी चालेल. ऑपरेशन करून गाठी काढू, मग घशाला आणि मानेला रेडिएशनचा शेक देऊ. थांबू नका."

दादा, चांगली गोष्ट असं त्या म्हणाल्या होत्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण तुला त्यातलं एकच ऐकू आलं. तू वळून वहिनीकडे बघितलंस. ती बिचारी "चांगली दाद देतो" एवढ्यावरच हसत होती, पर्समधून रुमाल काढून डोळे पुसत होती. तुझी नजर तिला तेव्हा दिसलीच नाही. मला दिसली.

तुझी रीत मला लहानपणापासून माहीत होती. वेलीच्या पानावर डाग दिसला की बाकीचे लोक दुकानात पळायचे आणि मिळेल ते औषध फवारायचे. तू फावडं घेऊन वेलीच्या बुडाशी बसायचास. माती उकरायचास, पांढरी मुळी हातात घेऊन वास घ्यायचास, मोडून बघायचास. "पानाला औषध मारणारा येडा," म्हणायचास, "रोग मुळाशी असतो." पंचक्रोशीतले लोक तुला बाग दाखवायला न्यायचे ते उगाच नाही. मला तुझा केवढा अभिमान होता! मातीनं भरलेली तुझी बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत. त्याच बोटांनी तू माझी वेणी घालून द्यायचास, आई आजारी असताना, आणि वर्गातल्या मुली हसायच्या तरी मी ती दिवसभर सोडायची नाही.

पण माणूस म्हणजे वेल नाही रे. मॅडम शेक द्या म्हणत होत्या आणि तू म्हणालास, "मूळ सापडल्याबिगर शेक कसला देता? अंधारात काठी मारायची का?" मग तू निघालास मूळ शोधायला. मुंबईला गेलास. तिथे तेच सांगितलं. पुण्याला गेलास. तिथेही तेच. सिन्नरकडच्या कुणा वैद्याकडे गेलास, त्यानं नाडी धरली आणि पित्त म्हणाला. प्रत्येक मोठा डॉक्टर तुला सांगत होता की मूळ नाही मिळालं तरी उपचार ठरलेले आहेत, वेळ घालवू नका. तुला ते पटत नव्हतं. तोवर एका गाठीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या तीन.

आणि बाहेर मूळ मिळेना तेव्हा तू घरात खणायला लागलास.

वहिनीनं मला हे कधी सांगितलं नाही. मला तुझ्याच तोंडून कळलं. बागेत बोलावलंस, मांडवाखाली पाटाच्या कडेला बसवलंस, आणि म्हणालास, "तू बाई हायस. तू विचार तिला. लग्नाआधी कॉलेजला जायची ना ती सिन्नरला, एसटीनं. कोन व्हतं, काय व्हतं, एकदा सांगून टाक म्हणावं. मी काय तिला हाकलून देत नाय. मला फक्त मूळ कळू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "आणि तुझं कॉलेज? तू नाशिकला खोली घेऊन राहत होतास, तेव्हाचं मी कुणाला विचारू?"

तू उसळलास. "माझ्यावर संशय घेती?"

"नाही घेत," मी म्हणाले. "कुणावरच घेत नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात ना? तू गोदेच्या पाण्यावर वाढलास आणि एवढंही कळू नये तुला?"

"मी ऋषी नाय आन ती नदी नाय," तू म्हणालास, "मला कॅन्सर झालाय." आणि तू रडलास, दादा. मान एका बाजूला फुगलेली, आणि माझा एवढा मोठा भाऊ वेलीच्या खोडाला धरून रडतोय. मला तुला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती. मी यातलं काहीच केलं नाही. "उद्या शेकाची तारीख घे" एवढंच म्हणाले आणि बसथांब्याकडे निघाले. हे आपलं भांडण तसंच राहिलं.

भाऊबीजेला आले, तेव्हा मांडणीत ते ताट दिसलं. कडेला लाल ऑइलपेंटचा ठिपका. शेजारी वाटी, पेला, त्यांनाही ठिपका. मला वाटलं, तुझं असेल. आजारी माणूस स्वतःचं वेगळं ठेवतो, मनाची समजूत. जेवायला बसलो. तू नेहमीच्या ताटात जेवत होतास, लग्नात आलेल्या, तुझं आणि वहिनीचं नाव कोरलेल्या. वहिनीनं सगळ्यांना वाढलं, आणि मग ते ठिपक्याचं ताट घेऊन चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून बसली.

तो लाल रंग मी ओळखत होते. आपल्या बागेत ज्या वेली उपटून टाकायच्या असतात, त्यांच्या खोडाला तू तो ठिपका लावतोस.

मी तुला ओवाळलं त्या दिवशी. सगळ्यांसमोर वहिनीचं हसं नको म्हणून मी गप्प बसले. मागच्या दाराशी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "राहू द्या ताई. त्यांच्या जिवाला बरं वाटतंय ना, मग राहू द्या. ताटानं काय हुतंय?" डॉक्टर मॅडमनी "ताटवाटीतून पसरत नाही" म्हटलं होतं, ते तिनंही ऐकलं होतं. ती ते ताट रोगाला घाबरून वापरत नव्हती. तुझ्या हट्टापायी वापरत होती.

आणि हे सगळं तू केलंस, तू! माझं नवीन लग्न झालं होतं, लासलगावला सासरी होते, आठवतंय? शाळेत नोकरी लागली आणि घरी यायला उशीर व्हायला लागला, तेव्हा सासूबाईंनी नाही नाही ते बोलायला सुरुवात केली. कुणासोबत येते, कुणाशी बोलते. माझा नवरा खाली मान घालून बसायचा. मी तुला काही कळवलं नव्हतं, पण तू कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन मार्केटला आलास आणि कुणाकडून तरी ऐकलंस. लिलाव तसाच टाकून आमच्या ओट्यावर येऊन बसलास. चहा घेतला नाहीस. माझ्या सासऱ्यांना म्हणालास, "मामा, संशयाला औषध नसतं. माझी बहीण अशी नाय, हे मी सांगायला आलो नाय. ते तिनंबी सांगायचं नाय. ज्याला शंका हाय त्यानं आपलं डोकं दाखवावं." आजपर्यंत मी तुझ्या त्या वाक्यावर जगले. त्यानंतर त्या घरात मला कुणी काही विचारलं नाही. माझा नवराही ताठ झाला. तुझे उपकार मी विसरले नाही, म्हणून तर हा राग इतका आहे. जे तुला येत नव्हतं ते तू केलं नसतंस, तर मी काय बोलले असते? तुला येत होतं, दादा.

शेक सुरू झाले तेव्हा उशीर झाला होता. मॅडमनी स्कॅनचा फोटो उजेडाला धरला आणि छातीतले डाग दाखवले. त्या रागावल्या नाहीत. "आधी आला असतात तर," एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडून दिलं. त्यानंतर तुझं गिळणं गेलं, मग आवाज गेला. नाकातून नळी घातली. त्या नळीतून मऊ भाताची पेज, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, वहिनी तासातासाला पिचकारीनं सोडायची. आधी मनगटावर थेंब टाकून बघायची, गरम तर नाही ना. गाठ फुटून तुझ्या मानेवर झालेली जखम ती उघड्या हातांनी पुसायची. नर्सनं हातमोजे दिले तर म्हणायची, "मोज्यानं त्यांना खरखरीत लागतं." आणि तुला भरवून झालं की जाऊन ठिपक्याच्या ताटात स्वतःचं वाढून घ्यायची. पलंगावरून तुला चूल दिसत होती. रोज दिसत होती.

मी शेवटची भेटले तेव्हा तुझ्या कानाशी वाकून म्हणाले होते, "दादा, ते ताट उचलायला सांग तिला. बोलता येत नसलं तरी खूण कर. एवढं कर." तू डोळे मिटलेस. मग एक हात चादरीवरून थोडा उचललास आणि खाली ठेवलास. नको, असं म्हणालास? नंतर, असं? की हात दुखत होता? मी किती वेळा तो हात मनातल्या मनात उलटा-सुलटा करून बघितला. आता मी तेही सोडून देते. तुझ्यासारखं मूळ शोधत बसायचं नाही मला.

पण आज तेरावा झाला, त्याचं तुला सांगायचंय. म्हणून लिहायला बसले.

स्वयंपाकाला भावकीतल्या बायका होत्या. तुझ्या आवडीचे मांडे, सार, भजी. ओसरीवर पंगत बसायची होती आणि त्याआधी तुझ्या नावाचं पान वाढून वर गच्चीवर ठेवायचं होतं. भांडी विसळताना एकीच्या हाताला ते ताट लागलं. "आन् हे ठिपक्याचं कुणाचं वो?" आत्या दारात बसली होती. ती म्हणाली, "त्याचं आसंल, आजारपणातलं. घरात ठिवू नका. द्या नदीला सोडून."

वहिनी मांडे भाजत होती. उठून आली. तिनं ताट बाईच्या हातातून घेतलं, पदरानं कोरडं केलं आणि त्यात मांडा वाढला. वर तूप घातलं. वाटीत सार ओतलं, ठिपक्याच्या वाटीत.

"अगं, पानावर वाढायचं आसतं," आत्या म्हणाली. "केळीचं पान आणलंय ना?"

"ह्यांचं ह्यात वाढते," वहिनी म्हणाली. "हे ताट माझं व्हतं, आत्या. ह्यांनी वेगळं केलं व्हतं माझं. आता ह्यांचं."

भजी तळणारीचा झारा कढईतच थांबला. आत्यानं विचारलं, "तुझं? तुला काय झालं व्हतं?"

"मला काय नाय झालं. गाठीचं मूळ सापडंना, मंग ते माझ्यात शोधलं." एवढं बोलून तिनं भजी वाढली, कडेला मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. काही कमी ठेवलं नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी किती दिवस मनात भाषण जुळवून ठेवलं होतं, सगळ्या भावकीसमोर बोलायचं म्हणून, आणि तिनं ते दोन वाक्यांत संपवलं.

आत्या भिंतीला धरून उठली, वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी म्हणले व्हते जखम बघा. घरची बाई बघा नव्हते म्हणले." तुझी बाजू घ्यायला तिथे कुणीही उरलं नव्हतं, दादा. मलाही घेता आली नाही. आणि खरं सांगू? त्या क्षणी तुझी फार आठवण आली. तू तिथे असायला हवा होतास, त्या सगळ्या बायकांसमोर खाली मान घालून उभा. मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते.

तुझ्या मुलानं ताट गच्चीवर नेऊन टाकीशेजारी ठेवलं. खाली आला आणि म्हणाला, कावळे आहेत पण लांब बसलेत, जवळ येत नाहीत. कुणीतरी म्हणालं, वर जाऊन काहीतरी बोला, काय राहिलं असेल त्याचं. सगळे वहिनीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मला भूक लागली हाय."

मांडणीतून मी तुमच्या दोघांची नावं कोरलेलं ताट काढलं. मोठं आहे ते, दोघींना पुरतं. आम्ही दोघी चुलीपाशी नाही, ओसरीवर, पंगतीच्या मधोमध बसलो आणि एकाच ताटात जेवलो. वहिनीनं दोन मांडे खाल्ले. तिला कितीतरी दिवसांनी कुणीतरी आग्रह करून वाढत होतं.

तू जेवलास की नाही, ते बघायला मी वर गेले नाही.